पळणाऱ्यानें कोठें पाहावें?

‘पळावयास काय शिकवायचें?’ असा प्रश्न मला पालकांनीं अनेकदां विचारला आहे, आणि तो विचारणाऱ्यांचा मला राग येत नाहीं. वासरूं गोठ्यांतून सुटलें कीं पळतें. पोर पाऊल टाकूं लागलें कीं चार दिवसांत धांवूं पाहतें. त्यांस कोणी शिक्षक लागला नाहीं. मोकळ्या वाटेनें, मागें कोणी नसतां, आपल्याच आनंदासाठीं धांवावयाचें असेल तर शिक्षकाची गरज नाहीं हें मीही मान्य करतों. परंतु ज्या धांवण्यास नियम आहेत, ज्यांत मागें एक माणूस आहे, बाजूला दुसरा उठण्याच्या तयारीनें बसला आहे, आणि आपण बाद झालों तर आपला भार आपल्या दोन सोबत्यांवर पडणार आहे, तें धांवणें निराळें. त्यांत पायांहून डोळ्यांस अधिक काम असतें, आणि डोळ्यांस सवय लावावी लागते.

शाळेच्या वार्षिकांत खेळांविषयीं लिहावयाचें म्हणजे ढाली आणि पदकें यांची यादी द्यावयाची, असा एक समज आहे. ती यादी क्रीडाविभागाच्या पानांवर येईलच. मला येथें लिहावयाचें आहे तें खो-खोंतील पळणाऱ्यांच्या सवयींविषयीं; आणि त्याचें निमित्त, कोणास आश्चर्य वाटेल, एक बेसबॉलचें पुस्तक आहे.

आमच्या ग्रंथालयांत वरच्या फळीवर कसरीनें खाल्लेलीं कांहीं अमेरिकन पुस्तकें आहेत. तीं येथें कशीं आलीं याचें नवल करण्याचें कारण नाहीं. या किनाऱ्यावर अमेरिकन मिशनरी पुष्कळ वर्षें राहिले. वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचें रुग्णालय होतें, आणि तेथील एका मिशनरी डॉक्टरांच्या घरीं १९१९ सालीं जन्मलेले रॉबर्ट गोहीन पुढें प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले व १९७७ ते १९८० पर्यंत भारतांत अमेरिकेचे राजदूत होते. अशा लोकांबरोबर त्यांचे खेळही समुद्र ओलांडून येतात. बास्केटबॉल हा १८९१ त आणि व्हॉलीबॉल १८९५ त अमेरिकेंतील वाय. एम. सी. ए. च्या मंडळींनीं काढलेला. आज व्हॉलीबॉलचें जाळें नाहीं असा कोंकणांतील गांव शोधावा लागेल. बेसबॉल मात्र आपल्याकडे रुजला नाहीं. क्रिकेटनें ती जागा आधींच व्यापली होती. म्हणून तें पुस्तक फळीवर राहिलें, आणि एका पावसाळ्यांत, मैदानावर पाणी सांचलें असतां, तें मीं वाचावयास घेतलें.

बेसबॉलचें मैदान म्हणजे एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं. एका ठाण्यापासून दुसरें नव्वद फुटांवर. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या ठाण्याकडे पळतो, तेथून दुसऱ्या, तिसऱ्या, आणि शेवटीं निघाला त्याच जागीं परत आला म्हणजे त्याची एक धांव होते. या पळणाऱ्यासाठीं पुस्तकांत एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि त्यांत वेगाविषयीं फार थोडें लिहिलें आहे. आहे तें सर्व सवयींविषयीं. पहिल्या ठाण्यावर पोहोंचतांना वेग कमी करूं नये, तें ओलांडून सरळ पुढें जावें, कारण तेथें ओलांडल्याबद्दल शिक्षा नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यावर मात्र ओलांडून गेलें आणि चेंडू हातीं असलेल्यानें स्पर्श केला तर गडी बाद. दोन ठाणीं एका दमांत घ्यावयाचीं असतील तर कोपऱ्यावर काटकोनांत वळूं नये. आधींच थोडें बाहेर जाऊन, अंग आंत झुकवून, ठाण्याच्या आंतल्या कडेवर पाऊल ठेवून वळावें. चेंडू उंच उडाला असेल तर तो झेलला जातो कीं नाहीं हें पाहिल्यावांचून पुढें निघूं नये, कारण झेलल्यास पळणाऱ्यास आपल्या ठाण्यावर परतावें लागतें. आणि पुढच्या सोबत्यास ओलांडूं नये, ओलांडणारा बाद.

हें वाचतांना मला सारखें आमचें मैदान दिसत होतें. एक योगायोगही गमतीचा आहे. नव्वद फूट म्हणजे सत्तावीस मीटर आणि वर अर्धा मीटरही नाहीं, आणि आमच्या खो-खोच्या मैदानाची लांबी सत्तावीस मीटर! म्हणजे तिकडचा मुलगा एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंत जेवढा धांवतो, तेवढ्यांतच आमच्या मुलाचें सारें जग सामावलें आहे. पण त्यास तें अंतर एकदां कापून भागत नाहीं. पारंपरिक नियमांप्रमाणें नऊ मिनिटांच्या पाळींत त्यास तेथेंच फिरावयाचें, वळावयाचें, थांबावयाचें आणि पुन्हां निघावयाचें असतें.

खो-खो ठाऊक नाहीं असा आपला वाचक नसेल, तरी नियमांतील एक गोष्ट येथें स्पष्ट करतों, कारण पुढचें सारें तिच्यावर उभें आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मंडळींनीं १९१४ च्या सुमारास या खेळास नियमांची चौकट घातली, आणि त्या चौकटींत पाठलाग करणारा पुरता बांधलेला आहे. त्यानें एकदां दिशा धरली कीं खांबापर्यंत ती बदलतां येत नाहीं; दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे जातां येत नाहीं; पलीकडे जावयाचें असेल तर बसलेल्यास मागून ‘खो’ देऊन आपण बसावयाचें. उलट पळणारा मोकळा. त्यास कोठूनही जातां येतें, कशीही दिशा फिरवितां येते. इतकें स्वातंत्र्य असून तो बाद होतो तो बहुतेक वेळां आपल्या सवयीनें.

आतां आमच्या मुलांच्या सवयी कोठून येतात तें सांगतों. नांदगांव हें कणकवली तालुक्यांतील गांव. मुंबई-गोवा महामार्गावर येथें तिठा आहे, आणि तिठ्यावरून देवगडाकडे रस्ता फुटतो. कोंकण रेल्वेचें स्थानकही आहे. बाहेरून येणाऱ्यास वाटेल कीं येथें सारें सपाट व डांबरी असेल. परंतु वाड्यांतून शाळेस येणारीं मुलें येतात तीं पाणंदींतून: दोहों बाजूंस गडगे, मध्यें जांभ्या दगडाच्या उंच-सखल पायऱ्या, पावसांत त्यांवर शेवाळ आणि उन्हाळ्यांत काजूच्या वाळक्या पानांचा सडा. त्या वाटेवर जो खालीं पाहणार नाहीं तो पडेल. म्हणून कोंकणांतील मूल लहानपणापासून पायाखालीं पाहून चालतें व पळतें. त्याचीं पावलें आंखूड, चपळ, आणि चढावर न थकणारीं असतात. वळणावर तर शहरांतील मुलगा त्याच्या जवळपासही येणार नाहीं. पण डोळे भुईवर! ज्या सवयीनें त्याचें पाणंदींत रक्षण केलें तीच मैदानावर त्याचा घात करते. तो सुंदर पळत असतो, आणि आपण कोणाच्या तोंडासमोरून जात आहों हें त्यास दिसत नाहीं.

‘वर बघ, वर बघ’ असें ओरडून कांहीं होत नाहीं. तें ऐकून मूल एकदां वर पाहतें आणि पुन्हां मान खालीं घालतें. मग मीं एक युक्ति योजिली. आठ मुलांस ओळींत बसवावयाचें, नवव्यास त्यांच्यामधून नागमोडी, म्हणजे साखळीनें, धांवावयास सांगावयाचें, आणि आपण खांबाशीं उभें राहून हाताचीं बोटें दाखवावयाचीं. कधीं तीन, कधीं पांच, कधीं एक. धांवणाऱ्यानें तो आंकडा मोठ्यानें म्हणावयाचा. प्रथम चालत, मग हलक्या धांवेनें, मग जोरानें. पहिल्या आठवड्यांत मुलें बसलेल्यांवर अडखळतात, हंसतात, आंकडे चुकतात. तिसऱ्या आठवड्यांत पाय आपोआप वाट काढूं लागतात आणि डोळे मोकळे होतात. यास साहित्य लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. शिक्षकाचा हात मात्र दुखतो.

डोळे मोकळे झाले म्हणजे ते कोठें लावावे हा पुढचा प्रश्न. नवशिका पाठलाग करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. तोंड फसवितें. चांगला खेळाडू डावीकडे पाहून उजवीकडे जातो, ‘खो’ देण्याचा आविर्भाव करून देत नाहीं. कंबर आणि खांदे यांस इतकें खोटें बोलतां येत नाहीं. म्हणून त्यांकडे पाहावें. आणि त्याच वेळीं बसलेल्यांचा हिशेब मनांत चालू ठेवावा. बसलेले एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात. ज्याची पाठ आपल्याकडे आहे तो ‘खो’ मिळाला तरी आपल्या बाजूस येऊं शकत नाहीं; ज्याचें तोंड आपल्याकडे आहे तोच धोक्याचा. हें फळ्यावर काढून दाखविलें कीं वर्गांतील प्रत्येक मुलास समजतें. मैदानावर, मागून पावलांचा आवाज येत असतां, तें स्मरणांत राहावें यासाठीं मात्र वर्ष जातें.

वेगाविषयीं माझें मत कांहीं क्रीडाशिक्षकांस पटत नाहीं, तरी लिहून ठेवतों. संघ निवडतांना ते शंभर मीटरची शर्यत लावून पहिले नऊ घेतात. मी तसें करीत नाहीं. जो मुलगा सदा पूर्ण वेगानें पळतो त्यास थांबतां येत नाहीं, आणि ज्यास थांबतां येत नाहीं त्यास वळतांही येत नाहीं. वळण्यापूर्वीं शेवटचीं दोन पावलें आंखूड पडलीं पाहिजेत, कंबर खालीं गेली पाहिजे. मग एकाच पायावर दिशा फिरते. लांब ढांगेवर वळूं पाहणारा घसरतो, नाहींतर वर्तुळ मोठें घेऊन पाठलाग करणाऱ्याच्या हातीं सांपडतो. बेसबॉलच्या पुस्तकांतील कोपऱ्यावरचें वळण हेंच शिकवितें. शिवाय तिघे एका वेळीं मैदानांत असतात. पाठलाग एकाचा चालू असतां उरलेल्या दोघांनीं दम खाऊन घ्यावयाचा, आणि ज्याचा पाठलाग चालू आहे त्यानें धोका त्यांच्या अंगावर नेऊन घालावयाचा नाहीं. घाबरलेला मुलगा सोबत्याजवळ पळतो. तो मनुष्यस्वभाव आहे, आणि तोच तेथें मोडावा लागतो.

क्रिकेटच्या चाहत्यांस राग येऊं नये म्हणून सांगतों कीं त्यांचेंही येथें बरेंच शिक्षण होतें. बावीस यार्डांच्या खेळपट्टीवर पहिली धांव जोरानें घ्यावी, वळतांना बॅट लांब टेकवावी, चेंडूच्या बाजूस तोंड करून वळावें. हीं सारीं आमच्याच सवयींचीं भावंडें आहेत.

धांवणाऱ्यास दिशेची शुद्ध हवी हें नवें नव्हे. पौलानें करिंथ येथील मंडळीस पत्र लिहितांना धांवणाऱ्याचाच दृष्टान्त घेतला, आणि तो ऐकणाऱ्यांस चटकन समजला असला पाहिजे. कारण करिंथाजवळच इस्थमस येथें दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत. ग्रीक लोकांची एक शर्यत अशी होती कीं मैदानाच्या टोकाशीं रोवलेल्या खांबास वळसा घालून परत यावयाचें. खांब आला कीं धांवणाऱ्याची खरी परीक्षा होते, हें त्या काळींही लोकांस ठाऊक होतें.

खांबाचें नांव निघालें म्हणून एका विद्यार्थ्याची हकीकत सांगावीशी वाटते. त्याचें नांव देत नाहीं. तो त्या वेळीं नववींत होता. वडील चिरेखाणींत कामास. मुलगा वर्गांत मध्यम, पण मैदानावर त्याचें पळणें पाहावें असें. परगांवच्या एका मैदानावर स्पर्धा होती. ऑक्टोबरचें ऊन लागून तांबडी माती दगडासारखी घट्ट झाली होती. खांबाशीं वळतांना त्याचा पाय पायांत अडकला आणि तो पुढें पडला. पडणारें माणूस स्वभावतःच हात पुढें टेकतें. त्यानें उजवा हात टेकला आणि मनगट मोडलें.

दुसऱ्या दिवशीं मी त्याच्या घरीं गेलों. वडील अंगणांत बसले होते. त्यांनीं मला बसावयास पाट दिला, पाणी दिलें, आणि मग शांतपणें म्हणाले, “गुरुजी, चिरे उचलूक मी आसंय. ह्येचो हात लिवक होयो.”

या वाक्यास उत्तर नव्हतें, आणि मीं दिलेंही नाहीं. खेळानें शरीर बळकट होतें, नांव होतें, नोकरींत गुण मिळतात, हीं सारीं वाक्यें शिक्षकांच्या जिभेवर असतात. परंतु ज्या गृहस्थानें आयुष्यभर हातांवर घर चालविलें, त्यास हाताची किंमत मी काय सांगणार? मुलगा खेळणार नाहीं हें मीं मान्य केलें. एवढेंच विचारलें कीं प्लास्टर असेतोंवर संध्याकाळीं तो मैदानावर येऊन घड्याळ धरूं शकेल काय? त्यास त्यांची हरकत नव्हती.

तो येऊं लागला. मीं त्यास एक चाळीस पानी वही दिली. प्रत्येक पळणारा किती वेळ टिकला आणि कोठें, कसा बाद झाला, हें तिच्यांत लिहावयाचें. उजवा हात गळ्यांत अडकविलेला. म्हणून तो डाव्या हातानें लिही. अक्षरें वेडींवांकडीं, कांहीं उलटीं. पहिल्या चार पानांवरचें मला त्याच्याकडून वाचवून घ्यावें लागलें. परंतु बांधावर बसून, स्वतः न खेळतां, जें दिसतें तें खेळणाऱ्यास दिसत नाहीं. तीन आठवड्यांनीं तो वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, पळताना कोण बाद होत नाय. बघूक थांबले की होतत.”

मीं वही चाळून पाहिली. त्याचें म्हणणें खरें होतें. निम्म्याहून अधिक गडी धांवतांना बाद झालेच नव्हते. ते पाठलाग चुकवून सुटत, दोन पावलें पुढें जाऊन ‘आतां तो कोठें आहे’ हें पाहण्यासाठीं थबकत, आणि त्या थबकण्यांत नव्या ‘खो’नें उठलेला त्यांस गांठी. दोष पाहण्यांत नव्हता. पाहण्यासाठीं थांबण्यांत होता. आम्हीं लगेच सरावांत बदल केला. बोटें दाखविण्याचा खेळ मी केवळ साखळींत खेळवीत असें. तो आतां सुटल्यानंतरच्या चार पावलांवर आणिला. पाठलाग चुकविला, कीं न थांबतां मान फिरवून आंकडा सांगावयाचा. त्या मोसमांत संघाची जी सुधारणा झाली तिचें श्रेय त्या वहीस आहे, आणि मीं तसें सर्वांसमोर सांगितलें.

वही वडिलांच्या पाहण्यांत आली. लिहावयाच्या हाताविषयीं त्यांची काळजी होती. त्यांनीं डाव्या हाताचीं तीं अक्षरें पाहिलीं तेव्हां त्यांस काय वाटलें तें त्यांनीं मला सांगितलें नाहीं. परंतु वार्षिक परीक्षा झाल्यावर, मे महिन्यांत, ते बाजारांत भेटले आणि आपणहून म्हणाले, “खेळांदे. पण खांबाकडे सांभाळून.”

पण मुलाचें खांबाकडे जाणेंच बंद झालें होतें. हाड सांधलें, बळ आलें, पण धांवतां धांवतां खांब दहा हातांवर आला कीं तो मध्येंच वळे. त्यामुळें मैदानाचीं दोन्ही टोकें त्यास बंद झालीं, आणि पाठलाग करणाऱ्यास हें एकदां कळलें म्हणजे असा गडी फार वेळ टिकत नाहीं. मीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, “सर, खांब जवळ इलो की हात आपसूक मागे जाता.” भिऊं नकोस असें त्यास सांगणें व्यर्थ होतें. भीति त्याच्या मनांत नव्हतीच. ती मनगटांत होती.

येथें पुन्हां तें जुनें पुस्तक उपयोगीं पडलें. बेसबॉलमध्यें पळणारा ठाण्याशीं येतांना भुईवर घसरत जातो, आणि त्यास पहिली शिकवण ही कीं हात भुईस टेकूं नयेत. ते वर ठेवावे. बोटें व मनगट वांचावें म्हणून मुठींत चिमूटभर माती धरून धांवण्याची रीतही तिकडे आहे, कारण मूठ मिटलेली असली म्हणजे पंजा उघडून टेकला जात नाहीं. मीं ठरविलें कीं याला पळावयास शिकविण्यापूर्वीं पडावयास शिकवावें. शाळेच्या मागें भातगवताच्या पेंढ्या होत्या. त्या पसरून वर जुनी ताडपत्री टाकली. प्रथम गुडघ्यांवर बसून बाजूस कलंडावयाचें. हात छातीशीं, हनुवटी गळ्याशीं, आणि भार खांद्यावरून पाठीवर जाऊं द्यावयाचा. मग उभें राहून, मग चालतां चालतां. जून लागला, पाऊस आला, तेव्हां मऊ झालेल्या मातींतही तेंच. सबंध संघ शिकला. त्याला एकट्याला शिकविलें असतें तर तें त्यास अपमानाचें वाटलें असतें. चिखलांत लोळावयास मिळतें म्हटल्यावर धाकट्या मुलांनींही गर्दी केली, आणि त्यांच्या मातांनीं कपड्यांविषयीं मला जें ऐकविलें तें येथें लिहीत नाहीं.

खांबाशीं त्याची ओळख आम्हीं चालतच करून दिली. रोज दहा वेळां चालत जाऊन, शेवटचीं दोन पावलें आंखूड टाकून, वळसा घेऊन परत. घड्याळ नाहीं, पाठलाग नाहीं. नंतर हलक्या धांवेनें. त्यानंतर मागून मी स्वतः धांवत असें. माझ्या वेगाचें भय कोणासच वाटत नाहीं, तें येथें सोयीचें झालें. गणेशचतुर्थीच्या सुट्टीपर्यंत तो समवयस्कांच्या पाठलागांत खांबास वळूं लागला. पूर्वींची झेंप मात्र परत आली नाहीं. तो आतां निराळाच खेळाडू झाला होता: वेगानें मध्यम, पण दोन चौकांपलीकडचें पाहणारा, आणि कधींही न थबकणारा.

खांबावर सूर मारणें, म्हणजे पाठलाग करतांना खांब धरून अंग झोंकून देऊन पळणाऱ्यास शिवणें, हें कौशल्य मी आमच्या मैदानावर शिकवीत नाहीं, हेंही येथें सांगून टाकतों. यावरून माझ्यावर टीका होते. २०२५ च्या जानेवारींत नवी दिल्ली येथें खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या दोन्ही संघांनीं अंतिम सामन्यांत नेपाळचा पराभव केला, महिलांनीं ७८-४० आणि पुरुषांनीं ५४-३६ असा. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आमच्या मुलांनीं ते सामने मोबाईलवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशीं प्रत्येकास सूर मारावयाचा होता. मीं त्यांस विचारलें कीं ते खेळाडू कशावर पडत होते? मॅटवर. आपण कशावर पडणार? जांभ्यावर. मॅट आली म्हणजे शिकवीन. तोंवर आमचीं मुलें दोन गुण कमी मिळवितील, आणि तें मला चालतें. आई-वडील मूल शाळेंत धाडतात तें सर्व अवयवांसह परत मिळावें म्हणून.

दहावीच्या वर्षीं तो मुलगा एकच स्पर्धा खेळला. आम्ही ती जिंकली नाहीं. उपान्त्य फेरींत एका गुणानें गेलों. त्या सामन्यांत तो पहिल्या तिघांत होता. त्याचे दोन्ही सोबती लवकर बाद झाले आणि तो एकटा उरला. नवे दोघे गडी नियमाप्रमाणें आंत येऊं शकत नव्हते. तिघेही बाद झाल्यावरच पुढचे तिघे येतात. सुमारें दोन मिनिटें तो एकटा पळाला. त्यांत तीन वेळां त्यानें खांबास वळसा घेतला, आणि तिसऱ्या वेळीं घसरला. हात छातीशीं, खांद्यावरून एक कोलांटी, आणि पुन्हां उभा! पाठलाग करणाराच क्षणभर थांबला. नंतर दुसऱ्या टोकाशीं तो बाद झाला, पण त्या घसरण्यानें नव्हे. वडील खाणींतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आले होते व बांधावर उभे होते. सामना सुटल्यावर त्यांनीं कांहीं न बोलतां त्याचा उजवा हात हातीं घेऊन मनगट फिरवून पाहिलें, जसें आपण बाजारांत भोपळा घेतांना पाहतों तसें, आणि सोडून दिलें. मार्चमध्यें त्याच हातानें त्यानें परीक्षा लिहिली. आतां तो कणकवलीस तांत्रिक शिक्षण घेत आहे.

वही शाळेंतच राहिली. पानें संपलीं तेव्हां दुसरी जोडून शिवली. गेल्या वर्षापासून ती आठवींतील एका मुलीकडे आहे; तिचें अक्षर सुरेख आहे आणि तिची नजर माझ्याहून तीक्ष्ण आहे. पाऊस लागण्यापूर्वीं तिनें शेवटच्या पानावर एक टीप लिहिली: आपल्या मैदानावर पश्चिमेकडच्या खांबाशीं पूर्वेकडच्याहून अधिक गडी बाद होतात, आणि तेही सायंकाळच्या सरावांत. सूर्य डोळ्यांवर येतो म्हणून कीं त्या टोकाशीं जमिनीस उतार आहे म्हणून, असा तिचा प्रश्न आहे. पाऊस उघडला कीं आम्ही आठ दिवस सराव सकाळीं घेऊन पाहणार आहों.